आनंदाची पातळी

एकाच घरात वाढलेल्या दोन भावंडांपैकी एक सदा हसतमुख असते, तर दुसरे पुष्कळदा खिन्न दिसते. अन्न तेच, माया तीच. मग हा भेद कशामुळे?

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी जुळ्या भावंडांचा अभ्यास करून १९९६ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकरूप जुळी निरनिराळ्या घरांत वाढली, तरी त्यांच्या समाधानाचे प्रमाण पुष्कळसे जुळते, असे त्यांना आढळले. भिन्नरूप जुळ्यांत हे साम्य फारच थोडे होते. यावरून आनंदी वृत्तीचा काही अंश जन्मतःच लाभतो, असे दिसते.

मग अकस्मात धन मिळाले तर? लॉटरीत मोठी रक्कम जिंकलेल्यांविषयीचा एक अभ्यास त्याच देशात १९७८ साली प्रसिद्ध झाला. ती माणसे इतरांहून फारशी अधिक सुखी नव्हती. उलट न्याहारी करणे, मित्राशी बोलणे, अशा साध्या गोष्टींतील गोडी त्यांना कमी वाटत होती.

विहिरीचे पाणी पावसाने चढते, उपशाने उतरते आणि कालांतराने आपल्या पातळीवर येते. मनाचेही बहुधा असेच असते. परंतु ही पातळी अढळ नव्हे. बेकारी किंवा जिवलगाचा वियोग यांमुळे ती दीर्घकाळ खालावू शकते.

म्हणून मुलांनो, खिन्न सोबत्याला ‘तुला काय कमी आहे?’ असे म्हणून दोष देऊ नका. ज्याच्या विहिरीचे पाणी खोल, त्याला दोरही अधिक लागतो. पोहरा ओढताना त्याला हात द्यावा.