राहुकाळीचा दीप

सुखाच्या दिवसांत ईश्वराला दयाळू म्हणणे कोणासही साधते. पीक चांगले आले, मुलास नोकरी लागली, घरातील दुखणे बरे झाले, म्हणजे ‘देवाची कृपा’ हे शब्द सहज मुखातून बाहेर पडतात. परंतु ज्या घरी औषधोपचार व नवस दोन्ही होऊनही माणूस गेला, त्या घरावरही ती कृपा आहे काय? गृहस्थाश्रमी मनुष्यास केव्हा ना केव्हा या प्रश्नास सामोरे जावेच लागते. प्रस्तुत पाठात त्याचाच विचार करावयाचा आहे.

बंगळूरच्या दक्षिण भागात कनकपुरा रस्त्यावर बनशंकरी देवीचे मंदिर आहे. ते १९१५ साली बांधले गेले. देवीचे मूळ स्थान बागलकोट जिल्ह्यात, बदामीजवळ चोळचगुड्ड येथे असून महाराष्ट्रातील अनेक घराण्यांचे ती कुलदैवत आहे. बंगळूरच्या या मंदिराचा एक विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. दिवसाच्या आठ भागांपैकी एक भाग, म्हणजे सुमारे दीड तास, राहुकाळ म्हणून अशुभ मानतात आणि त्या वेळी लोक नवे कार्य आरंभीत नाहीत. येथे मात्र मंगळवारी, शुक्रवारी व रविवारी भाविक मुद्दाम तीच वेळ साधून देवीपुढे दीप लावतात. अर्धे लिंबू पिळून त्याची साल उलटी करतात आणि त्या वाटीत तूप किंवा तेल घालून वात पेटवितात.

राहुकाळाच्या फलाफलाचा वाद येथे बाजूस ठेवू. या आचारातील भाव मात्र गीतेच्या अभ्यासकाने उचलण्याजोगा आहे. जी वेळ वाईट, तीच देवाजवळ जाण्याची वेळ होय. जे पिळून निघाले आहे, तेही दीपाचे पात्र होऊ शकते.

या देवीचेच दुसरे नाव शाकंभरी. देवीमाहात्म्याच्या अकराव्या अध्यायात आणि देवीभागवताच्या सातव्या स्कंधात तिची कथा आली आहे. शंभर वर्षे पाऊस पडला नाही. अन्नपाण्यावाचून प्राणी तडफडू लागले. तेव्हा देवी शंभर नेत्रांनी युक्त होऊन प्रकट झाली. लोकांचे दुःख पाहून तिच्या नेत्रांतून अश्रू वाहू लागले आणि नऊ रात्री त्या अश्रूंची वृष्टी झाली, असे भागवतकार सांगतात. पुढे तिने शाकभाज्या व फळे देऊन जगाचे पोषण केले. कथेतील क्रम लक्षात घ्यावा. दैत्याचा वध शेवटी आहे, त्याच्या आधी अन्न आहे, आणि अन्नाच्याही आधी अश्रू आहेत. जगाचे दुःख दुरून पाहणारे हे दैवत नव्हे.

हेच तत्त्व गीतेने एका शब्दात सांगितले आहे. पाचव्या अध्यायाच्या अखेरीस भगवान स्वतःस सर्व भूतांचा ‘सुहृद’ म्हणवितात. सुहृद म्हणजे परतफेडीची अपेक्षा न ठेवता हित करणारा. हे जाणणाऱ्यास शांती लाभते, असे तेथे म्हटले आहे. दुःख नाहीसे होते, असे म्हटलेले नाही.

येथे कोणी शंका घेईल की, नवव्या अध्यायात (श्लोक २२) अनन्य भक्तांचा योगक्षेम आपण वाहतो असे भगवंतांचे वचन आहे. मग भक्ताच्या घरी अनर्थ का कोसळतो? या शंकेचे उत्तर प्रत्यक्ष महाभारतातच आहे. हे वचन ज्या अर्जुनास मिळाले, त्याचाच पुत्र अभिमन्यू युद्धाच्या तेराव्या दिवशी पडला. तो भगवंतांच्या बहिणीचा मुलगा होता. वचन देणारा सारथी रथावर होता, तरीही तो घाव अर्जुनास सोसावा लागला. तेव्हा योगक्षेम म्हणजे प्रत्येक प्रिय वस्तूचे संरक्षण, असा अर्थ व्यासांनाही अभिप्रेत नसावा. आपला भक्त नाश पावत नाही, ही त्याच अध्यायातील ग्वाही (श्लोक ३१) अधिक खोल आहे. भक्ताचे पुष्कळ काही जाऊ शकते. भगवंताशी जडलेला त्याचा संबंध मात्र जात नाही.

महाराष्ट्रात याचे उदाहरण देहूस घडले. १६३० च्या सुमारास दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. तुकाराम महाराजांचा व्यापार बुडाला, प्रतिष्ठा गेली आणि पत्नी अन्नावाचून मरण पावली. हे त्यांनी स्वतःच अभंगात सांगून ठेवले आहे. त्यांनी दुःख झाकले नाही, आणि ते गोडही मानून घेतले नाही. परंतु पांडुरंगाकडे पाठही फिरविली नाही. गावातील मोडकळीस आलेल्या विठ्ठलमंदिराचा त्यांनी जीर्णोद्धार केला आणि कर्जखतांतील आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडून दिली, असे चरित्रकार सांगतात. दुष्काळाने ज्याचे घर रिते केले, त्यानेच दुष्काळात अडकलेल्या ऋणकोंना मोकळे केले. निष्ठेची याहून मोठी खूण कोणती?

यावरून गृहस्थाने चार गोष्टी मनात धराव्यात. पहिली, संकटात नित्याचे स्मरण सोडू नये. पूजा थोडी झाली तरी चालेल, पण तुटू नये. दुसरी, देवापुढे रडण्याची लाज बाळगू नये. सातव्या अध्यायात आर्त हाही भक्तच गणला असून भगवंतांनी चौघाही भक्तांना उदार म्हटले आहे. तिसरी, श्रद्धेच्या नावाखाली प्रयत्न टाकू नये. स्मरण आणि युद्ध ही दोन्ही करावीत, असा आठव्या अध्यायातील (श्लोक ७) आदेश आहे. म्हणून वैद्याकडे जाणे, कर्ज फेडण्याची तजवीज करणे, हाही उपासनेचाच भाग होय.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. शेजाऱ्यावर संकट आले असता त्यास ‘हे तुझ्या कर्माचे फळ’ किंवा ‘तुझी श्रद्धा उणी पडली’ असे सांगू नये. कर्मसिद्धान्त आपल्या शोधनासाठी आहे, दुसऱ्याच्या जखमेवर लावण्यासाठी नव्हे. पौष शुद्ध अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत शाकंभरी नवरात्र असते आणि घरोघरी देवीला भाज्यांचा नैवेद्य दाखवितात. त्याच दिवसांत एक ताट दुःखी घरीही जावे. केवळ स्वतःसाठी अन्न शिजविणारे पाप खातात, असे तिसऱ्या अध्यायात सांगितलेच आहे. ईश्वर चांगला आहे काय, असे विचारणाऱ्या त्या घरास शब्दांनी उत्तर देता येत नाही. आधी त्याच्याजवळ बसावे, मग पानात वाढावे. देवीनेही तोच क्रम पाळला होता.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥