कॉलेजात गेलेली आपली मुले आणि त्यांचे प्रश्न

शास्त्रभाग : दानीएल १:१-२१, योहान २०:२४-२९



आपल्या प्रार्थनेमुळे आणि मदतीमुळे वाडीवरची काही मुले-मुली आज कॉलेजात शिकत आहेत, याबद्दल देवाची उपकारस्तुती असो. मात्र दाखला मिळाला, फी भरली म्हणजे आपले काम संपले असे नाही. खरे काम त्यानंतर सुरू होते, हे मला बेलपाड्यात शिकायला मिळाले. त्याविषयीच हा पाठ आहे.

बेलपाडा हे खारघर स्टेशनजवळचे जुने गाव. आता चारी बाजूंनी सिडकोच्या वसाहती उभ्या आहेत आणि नोव्हेंबर २०२३ पासून गावाच्या नावाचे मेट्रो स्टेशनही झाले आहे. खारघर-पनवेलच्या कॉलेजांत शिकणाऱ्या आपल्या चार मुली इथे एका खोलीत राहतात. दर रविवारी संध्याकाळी त्यांच्याकडे आमचा लहानसा शास्त्राभ्यास असतो. जवळपास राहणारी मुलेही येतात.

त्या चौघींपैकी एक पेण तालुक्यातल्या कातकरी वाडीवरची. तिच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली ती पहिलीच. आईवडील दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. धाकटा भाऊ त्यांच्याबरोबर जातो, त्यामुळे त्याची शाळा दरवर्षी अर्ध्यावर सुटते. एका रविवारी साक्षीच्या वेळी मी तिला म्हटले, "तू पहिल्या वर्षाला पास झालीस, देवाने तुझ्यावर किती कृपा केली ते सांग." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ताई, मी पास झाले ही देवाची कृपा. मग माझा भाऊ विटा वाहतो, ते काय आहे?"

खोलीत शांतता पसरली. मी घाईघाईने म्हणाले, "असं विचारायचं नसतं. देवाच्या योजना आपल्याला कळत नाहीत." आणि गीत सुरू केले.

त्यानंतर ती दोन महिने अभ्यासाला आली नाही. खोली तीच होती. आम्ही जमलो की ती पुस्तक घेऊन बाहेर जात असे. याच सुमारास एका मदतनीस बंधूंनी मला विचारले, "ती मुलगी आता उपासनेला येत नाही असं ऐकलं. मग तिची फी आपण का भरायची?" त्यांना मी लगेच उत्तर देऊ शकले नाही. ते शोधण्यासाठीच मी पुन्हा शास्त्राकडे वळले.

१. बाबेलची तीन वर्षे

दानीएलाचा पहिला अध्याय आपण शब्बाथशाळेत धैर्याची गोष्ट म्हणून ऐकला आहे. या वेळी तो मी कॉलेजची गोष्ट म्हणून वाचला. परक्या राजधानीत नेलेले चार तरुण, खास्दी लोकांची भाषा आणि विद्या, तीन वर्षांचा अभ्यासक्रम (वचने ४ व ५). आपल्या बी.ए.ला जितकी वर्षे लागतात तितकीच.

दानीएलाने काय स्वीकारले ते आधी पाहा. तो परकी भाषा शिकला, परकी विद्या शिकला. बेलटशस्सर हे परके नावही त्याच्यावर पडले. विद्या अशुद्ध आहे असे तो म्हणाला नाही. उलट सतराव्या वचनात ते ज्ञान देवाने दिले असे लिहिले आहे. आपला मुलगा समाजशास्त्र किंवा विज्ञान शिकतो म्हणून घाबरणाऱ्या पालकांनी हे वचन जरूर वाचावे.

मग त्याने कुठे नकार दिला? राजाच्या ताटाशी. तोही आरडाओरड करून दिलेला नव्हता. त्याने मनात निश्चय केला, अधिकाऱ्याला विनंती केली आणि दहा दिवसांची परीक्षा सुचवली. काय घ्यायचे आणि काय नाकारायचे हे त्याने स्वतः ठरवले. ते त्याला कोणी ठरवून दिले नव्हते.

मी मुलांना विचारले, "तुमच्या ताटातलं राजाचं अन्न कोणतं?" उत्तरे मला अपेक्षित नव्हती. एकजण म्हणाला, "मित्राची खोटी हजेरी लावणं." दुसरी म्हणाली, "प्रोजेक्ट विकत घेऊन आपल्या नावावर देणं." एक मुलगा बराच वेळ खाली बघत होता. तो म्हणाला, "कुठला आहेस असं विचारलं की मी पनवेल सांगतो. वाडीचं नाव घेत नाही. घरून फोन आला की बाहेर जाऊन बोलतो, आमची बोली कोणी ऐकू नये म्हणून."

दारू आणि सिनेमापासून दूर राहा, एवढेच आम्ही त्यांना शिकवत होतो. त्यांची खरी झुंज आईबापांची लाज वाटण्याशी होती. जातीच्या दाखल्यासाठी आणि पडताळणीसाठी जे नाव कागदोपत्री सिद्ध करायला मुले महिनोन्‌महिने चकरा मारतात, तेच नाव वर्गात लपवावे लागते. देवाने आपल्याला त्याच्या प्रतिरूपात घडवले (उत्पत्ती १:२७), हे वचन त्या मुलाला पाठ होते. पण त्याचा अर्थ आपल्या वाडीलाही लागू आहे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

२. थोमाचे आठ दिवस

थोमाला आपण 'संशयी' म्हणून बाजूला ठेवतो. पण योहान २०:२६ नीट वाचा. पुनरुत्थित प्रभू पहिल्यांदा आला तेव्हा थोमा तिथे नव्हता. आपण विश्वास ठेवणार नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले. आठ दिवसांनी शिष्य पुन्हा घरात जमले, तेव्हा थोमा त्यांच्याबरोबर होता.

ते आठ दिवस कसे गेले असतील? दहा जण म्हणत होते, आम्ही पाहिले. एक जण म्हणत होता, मला पटत नाही. तरी त्यांनी त्याला बाहेर काढले नाही आणि तोही निघून गेला नाही. म्हणूनच प्रभू आला तेव्हा थोमा त्याला भेटू शकला. थोमाला उत्तर शिष्यांनी दिले नाही, प्रभूने दिले. शिष्यांनी फक्त दार उघडे ठेवले. मी मात्र पहिल्याच संध्याकाळी दार लावून घेतले होते.

३. पंडिता रमाबाईंचे प्रश्न

केडगावच्या मुक्ती मिशनमुळे रमाबाईंचे नाव आपल्या प्रत्येक मंडळीत आदराने घेतले जाते. पण त्यांच्या विद्यार्थिदशेतील काळाविषयी आपण क्वचितच बोलतो. १८८३ साली त्या वैद्यकीय शिक्षणाच्या इच्छेने लहान मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे ते शिक्षण होऊ शकले नाही. त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या शिकल्या आणि संस्कृत शिकवूही लागल्या.

बाप्तिस्म्यानंतर त्यांचे प्रश्न संपले नाहीत, वाढले. त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व, चर्चचा अधिकार, या सगळ्याविषयी त्या पत्रांतून विचारत राहिल्या. कोणी सांगितले म्हणून मानायचे, हे त्यांना मान्य नव्हते. ज्या धर्मभगिनींनी त्यांना आसरा दिला होता, त्यांच्यापैकी काहींना हा अहंकार वाटला. या परदेशी बाईने उपकार स्मरून ऐकून घ्यावे, अशी त्यांची अपेक्षा होती. रमाबाई तर तिथे राहताना भारतात येणाऱ्या भगिनींना मराठी शिकवत होत्या. केवळ उपकारावर जगणे त्यांना नको होते. कॉलेजच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांनी मात्र त्यांचे प्रश्न मनावर घेतले आणि बरोबरीच्या नात्याने पत्रांतून चर्चा केली.

पुढे रमाबाईंनीच आपल्या साक्षीत सांगितले आहे की ख्रिस्ती धर्म त्यांना आधी सापडला आणि ख्रिस्त स्वतः त्यानंतर काही वर्षांनी भेटला. त्यांचे आठ दिवस आठ वर्षांचे ठरले असे म्हणता येईल. मधल्या काळात त्या थांबल्या नव्हत्या. १८८९ साली मुंबईत शारदासदन सुरू झाले होते. पुढे दुष्काळातल्या शेकडो निराधार स्त्रिया व मुली मुक्तीत आल्या आणि रमाबाईंनी स्वतः बायबलचे मराठी भाषांतर केले. 'प्रश्न विचारते, तर मदत बंद करा', असे तेव्हा झाले असते तर?

४. फी आणि विश्वास

आता त्या बंधूंच्या प्रश्नाकडे येते. लूक १७ मध्ये प्रभूने दहा कुष्ठरोग्यांना शुद्ध केले. एकच परत आला. इतर नऊ कोठे आहेत असे प्रभूने विचारले, म्हणजे त्याला वाईट वाटले. पण नऊ जणांना दिलेली शुद्धी त्याने परत घेतल्याचे कुठेही लिहिलेले नाही.

फीच्या बदल्यात मिळालेला विश्वास हा विश्वास नसतो, तो हप्ता असतो. पैसे थांबले की तो थांबतो. आपल्या मुली गरजू आहेत. आपण अट घातली तर त्या उपासनेला येतीलही, पण मनातले आपल्याला कधीच सांगणार नाहीत. त्या बंधूंना मी हे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि फी सुरू ठेवली. प्रभू त्यांना आशीर्वाद देवो.

त्या मुलीला भेटायला मी एका संध्याकाळी एकटीच गेले. तिला म्हणाले, "त्या दिवशी मी चुकले. तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. पण प्रश्न बरोबर होता." मग आम्ही हबक्कूकचा पहिला अध्याय वाचला. अन्याय दिसत असताना तू गप्प का, असे संदेष्टा देवालाच विचारतो. ती म्हणाली, "हे बायबलमध्ये आहे?" मी म्हणाले, "आहे. आणि ते देवाने काढून टाकलं नाही."

त्या बोलण्यातून एक काम निघाले. तिच्या भावाला आजीजवळ ठेवून शाळेत पाठवावे, यासाठी आम्ही दोघी तिच्या आईवडिलांशी बोललो. गेल्या दिवाळीनंतर तो भट्टीवर गेला नाही. प्रश्न पूर्ण सुटला असे नाही, त्याच वाडीतली इतर मुले गेलीच. तीही अजून दर रविवारी येत नाही. आली की दाराजवळ बसते. आम्ही ती जागा तिच्यासाठी मोकळी ठेवतो.

विचार करण्यासाठी प्रश्न

१. दानीएलाने काय स्वीकारले आणि काय नाकारले? आपल्या कामाच्या किंवा शिक्षणाच्या ठिकाणी 'राजाचे अन्न' कोणते?
२. आपल्या मंडळीत तरुणांना न घाबरता शंका विचारता येतात का? शेवटची शंका कोणी विचारली आणि आपण काय उत्तर दिले?
३. कोणाला मदत करताना मनात आपण कोणती अट धरून असतो?

प्रार्थनाविषय

वाडीवरून शहरात शिकायला आलेल्या मुलामुलींसाठी, त्यांना आपल्या माणसांची लाज वाटू नये म्हणून. भट्टीवर गेलेल्या कुटुंबांसाठी आणि शाळा सुटलेल्या लेकरांसाठी. आणि आम्हा सेवकांसाठी, की उत्तर देण्याची घाई न करता ऐकण्याची कृपा आम्हाला मिळावी. आमेन.