क्षयरोग्याचे औषध आणि शिधा

क्षय म्हटला की एके काळी डोळ्यांसमोर आरोग्यधाम उभे राही. मोकळी हवा, विश्रांती, सकस आहार आणि घरापासून दूर दीर्घकाळ वास, हाच या रोगावरील उपाय मानला जाई. मिरजेजवळील वानलेसवाडीचे आरोग्यधाम आपल्या भागातील जुन्या पिढीस परिचित होते. परंतु ज्यास पैसा व सवड असे, त्यालाच हा उपाय साधे. हमाल, तोलार, गुमास्ते यांच्या तो आवाक्याबाहेरच राही.

१९५६ साली मद्रास येथे क्षयाच्या औषधोपचारांचा अभ्यास करणारे केंद्र निघाले. तेथे काही रोग्यांना आरोग्यधामात व काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच वर्षभर औषधे देण्यात आली. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरच्या रोग्यांचा आहार हलका असूनही ते जवळजवळ तितकेच बरे झाले आणि त्यांच्या कुटुंबीयांस अधिक बाधाही झाली नाही. गरिबास दिलासा देणारीच ही गोष्ट होती. मात्र औषधास प्राधान्य मिळाले आणि आहाराचा प्रश्न मागे पडला.

तो प्रश्न झारखंडातील अभ्यासाने पुन्हा पुढे आणला. २०१९ ते २०२२ या काळात तेथे २,८०० रोग्यांना औषधांबरोबर दरमहा सुमारे १० किलो शिधा देण्यात आला. त्यांपैकी निम्म्या घरांतील इतर माणसांसही, प्रत्येक प्रौढामागे महिन्याला ५ किलो तांदूळ व दीड किलो डाळ मिळाली. २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साऱ्या घरास शिधा मिळाला, तेथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी आढळले. ज्या रोग्यांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्के वाढले, त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाणही पुष्कळच कमी होते. दीड किलो डाळीचे मोल धान्याच्या व्यापाऱ्यास वेगळे सांगावयास नको.

सरकारी रुग्णालयांत क्षयाची तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात. पोषणासाठी रोग्याच्या बँकखात्यात दरमहा ५०० रुपये जमा होत. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. सप्टेंबर २०२२ पासून ‘निक्षय मित्र’ ही योजनाही सुरू आहे. तीनुसार कोणीही व्यक्ती, पेढी वा संस्था रोग्याच्या संमतीने किमान सहा महिने त्याच्या शिध्याचा भार उचलू शकते.

पैशापलीकडेही मालकाचे काही कर्तव्य आहे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, वजनातील घट किंवा थुंकीतून रक्त अशी लक्षणे दिसताच नोकरास तपासणीस पाठवावे. साध्या क्षयाचे औषध बहुधा सहा महिने चालते. दोन महिन्यांतच रोग्यास बरे वाटू लागते आणि रोजगाराच्या चिंतेने तो औषध सोडतो. मग जंतू औषधास दाद देईनासे होतात व उपचार अधिक बिकट होतो. म्हणून डॉक्टर सांगतील तितके दिवस त्याला रजा द्यावी, पण त्याची जागा राखावी. योग्य औषध सुरू झाल्यावर थोड्याच आठवड्यांत रोग पसरविण्याची शक्ती बहुतांशी ओसरते. क्षय हवेतून पसरतो, भांड्यांतून नव्हे. तेव्हा रोग्याचे ताट निराळे काढून त्याचा अवमान करू नये. त्याच्या घरच्यांची, विशेषतः मुलांची, तपासणी मात्र अवश्य करवावी.

औषध सरकार देते. ते सहा महिने अखंड पोटात जाण्यासाठी लागणारे अन्न आणि निश्चिंती देणे आपल्यासारख्यांच्या हाती आहे. आपल्या प्रत्येक पेढीने वर्षाकाठी एका रोग्याचा व त्याच्या कुटुंबाचा शिधा आपल्याकडे घ्यावा. वखारीतून निघालेली ही काही पोती एखाद्या घराचा कर्ता पुरुष वा गृहिणी वाचवू शकतील.