आधी मावशींना बघ, मग पाळणाघर

अगं, 26 आठवड्यांची रजा संपत आली की पोटात गोळा येतो, ठाऊक आहे मला. त्यात कुणीतरी म्हणतंच, ‘एवढ्याशा जिवाला पाळणाघरात ठेवणार?’ ते मनाला लावून घेऊ नकोस. चांगल्या पाळणाघरात मुलं छान वाढतात. फक्त ते निवडायची घाई करू नकोस. कामावर रुजू व्हायच्या दोन महिने आधीपासूनच शोधायला लाग.

आधी ऑफिसात विचार. 50 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटता आलं पाहिजे, ही तरतूद 2017 सालीच कायद्यात आली आहे. तो तुझा हक्क आहे, मागायला संकोच कसला? सोय नसेल तर घराजवळची दोन-तीन पाळणाघरं बघ.

बघायला गेलीस की भिंतीवरची चित्रं आणि खेळणी राहू देत, आधी मावशींकडे बघ. बाळं किती आणि सांभाळणारे हात किती, ते मोज. वर्षाच्या आतली पाच-सहा बाळं एकट्या मावशींवर असतील, तर त्या कितीही मायाळू असोत, एकाला भरवताना दुसरं रडत राहणारच. त्या किती वर्षं तिथं आहेत, तेही विचार. सारखी माणसं बदलत असतील तर बाळाला कुणाचाच लळा लागत नाही. मावशींना सुट्टी मिळते का, दुपारी दोन घास निवांत खाता येतात का, याकडेही लक्ष दे. दमलेल्या, वैतागलेल्या माणसाचा हात लवकर उठतो.

‘आमच्याकडे कॅमेरे आहेत’ एवढ्यावर भुलू नकोस. 2016 साली खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला मारहाण झाली, ती कॅमेऱ्यातच टिपली गेली होती. कॅमेरा होता, तरी मार पडलाच. म्हणून ते चित्रण रोज कोण बघतं, पालकांना दाखवतात का, आणि कामावर घेण्याआधी माणसांची पोलीस पडताळणी केली आहे का, हे स्पष्ट विचार.

मावशींनाही एक प्रश्न विचार: ‘बाळ रडायचं थांबतच नसेल तर तुम्ही काय करता?’ ‘भूक लागली का बघते, लंगोट बघते, कडेवर घेऊन फिरते, नाहीच थांबलं तर तुम्हाला फोन करते,’ असं उत्तर आलं तर पुढं बोल. ‘आमच्याकडे मुलं रडतच नाहीत’ म्हणाल्या, तर सावध हो. तान्ही मुलं रडतातच गं.

मग घर फिरून बघ. बाथरूममध्ये पाण्याची बादली उघडी नको. वीतभर पाण्यातही रांगतं मूल बुडू शकतं. बाथरूमच्या दाराला बाहेरून कडी हवी, खिडकी-गॅलरीला जाळी हवी. वर्षाच्या आतलं बाळ पाठीवर झोपवतात ना, तोंडाशी उशी-दुलई नाही ना, ते बघ. शेंगदाणे, अख्खी द्राक्षं मुलांच्या हाती लागू देतात का, विचार. तुझ्या लेखी परवानगीशिवाय औषधाचा एक थेंबही द्यायचा नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाक; सर्दीच्या काही औषधांनी गुंगी येते. संध्याकाळी बाळाला कोण कोण नेऊ शकतं, त्यांची नावं आणि फोटो देऊन ठेव.

सुरुवातीला तासभरच ठेव, मग हळूहळू वेळ वाढव. आठ-नऊ महिन्यांचं बाळ तुला बिलगून रडेल, तू वळलीस की आकांत करेल. ओळखीचं माणूस कळायला लागल्याची ती खूण आहे, एवढ्यानं खचू नकोस. तू गेल्यावर थोड्या वेळात ते रमतं का, ते विचार. पण अंगावर वळ दिसले, हसरं बाळ गप्प झालं, मावशींना बघून अंग चोरायला लागलं, रोज घरी येऊन गुंगल्यासारखं पडून राहिलं, तर ते सोडून देऊ नकोस. डॉक्टरांना दाखव. मधूनमधून न सांगता जाऊन ये. आईला दारातच अडवणारं पाळणाघर आपल्याला नको.

आणि शंका आली तर ‘त्यांना वाईट वाटेल’, ‘भरलेले पैसे बुडतील’ असला विचार करत बसू नकोस. त्याच दिवशी बाळाला घरी आण, चार दिवस रजा टाक, आईला बोलाव, मला बोलाव. मारहाणीचा संशय असेल तर पोलिसांकडे जा; 1098 हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, फोनला पैसेही पडत नाहीत. बाळाला अजून बोलता येत नाही, त्याच्या वतीनं प्रश्न आपणच विचारायचे. जी मावशी ते न चिडता ऐकून घेईल, तिच्याच हाती त्याला सोपव.