५५१३ची डायल वाचताना

रोलेक्स सबमरिनरचं ५५१३ हे मॉडेल १९६२च्या सुमारास आलं आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत निघत राहिलं. एवढ्या वर्षांत केसचा आकार फारसा बदलला नाही, तारखेची खिडकी आली नाही, काचही ॲक्रिलिकचीच राहिली. बदलत गेली ती डायल. पाणबुड्यांची जुनी घड्याळं जमवायला निघालेल्या माणसाने म्हणूनच इथून सुरुवात करावी असं मला वाटतं. दोन-तीन ५५१३ समोर असतील तेव्हा त्यांची तुलना कशी करायची, त्याची ही कृती. विक्रेता पहिल्याच वाक्यात ‘गिल्ट’, ‘मॅक्सी’ अशी नावं घेतो आणि किंमतही त्या नावाचीच सांगतो. ते नाव तूर्त बाजूला ठेवा.

टेबलावर मऊ कापड पसरा. दहापट मोठं दाखवणारं भिंग, वाकवता येणारा दिवा, छोटी अल्ट्राव्हायोलेट टॉर्च, पट्ट्याच्या पिना काढायचं हत्यार, कागदी चिकटपट्टी आणि वही एवढं पुरे. प्रत्येक घड्याळाला वहीचं वेगळं पान द्या.

सुरुवात सहाच्या खुणेखालून करा. डायलच्या अगदी काठावर बारीक अक्षरं असतात आणि सरळ बघितलं तर ती काचेच्या कडेखाली अर्धी लपतात, म्हणून घड्याळ थोडं तिरपं धरा. ‘स्विस – टी<२५’ असं असेल तर खुणांवर ट्रिटियमचा लेप आहे आणि त्याचा किरणोत्सर्ग २५ मिलिक्युरीपेक्षा कमी आहे असा अर्थ. सुरुवातीच्या काही घड्याळांवर नुसतं ‘स्विस’ दिसतं, तिथे रेडियम असू शकतं. पण १९९०च्या दशकाच्या शेवटी ट्रिटियम बंद झाल्यावर ज्या बदली डायल आल्या, त्यांच्यावरही ‘स्विस’ किंवा ‘स्विस मेड’ छापलं जाई. एकाच शब्दाचे दोन काळ होतात, तेव्हा लगेच निष्कर्ष काढू नका. दिसलं ते जसंच्या तसं लिहा.

आता दिवा आडवा धरून डायलवरची चकाकी बघा. साधारण १९६६-६७पर्यंतची डायल काळी, चकचकीत आणि सोनेरी अक्षरांची असते. हीच गिल्ट. इथे भिंग निवांत फिरवा. अस्सल गिल्टमध्ये सोनेरी शाई वापरलेली नसते. काळा थर देताना अक्षरांची जागा मोकळी राखलेली असते आणि तिथून खालचा पितळी पत्रा दिसतो. त्यामुळे अक्षर काळ्या पृष्ठभागापेक्षा किंचित खोल भासतं, त्याची कडा धारदार असते. अक्षर वर उचलून आल्यासारखं दिसलं, कडेला शाई पसरली असली, तर डायल नंतर रंगवलेली आहे. घड्याळ पाण्यात किती खोल चालेल ते सांगणारी खोलीची ओळ मात्र काही अस्सल गिल्ट डायलवरही वरून चंदेरी रंगात छापलेली असते, तेवढ्यावरून घाबरू नका. रंगवलेली डायल ओळखायची सवय आपल्याकडच्या लोकांना खरं तर लवकर लागायला हवी. जुन्या घड्याळांच्या डायल नव्याने रंगवून विकायचं काम मुंबईत इतकं चाललं की अशा घड्याळांना परदेशातले संग्राहकही ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. अशी दोन-चार स्वस्त घड्याळं मुद्दाम भिंगाखाली बघा. वेडीवाकडी मिनिटांची पट्टी आणि जाड झालेली अक्षरं एकदा डोळ्यांत बसली की पुढे फार उपयोग होतो.

गिल्टनंतर मॅट डायल आली. काळा रंग निस्तेज, अक्षरं पांढरी. इथे खोलीची ओळ वाचा. ‘२०० मीटर = ६६० फूट’ असा क्रम असेल तर घड्याळ साधारण १९७०च्या आधीचं. फूट आधी आणि मीटर नंतर असेल तर त्यापुढचं. मग अक्षरांना बारीक पाय आहेत की नाहीत ते बघा, त्यावरून फूट-आधीच्या डायलचे सेरिफ आणि बिनसेरिफ असे गट पडतात. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात तासांच्या गोल खुणा ठळकपणे मोठ्या झाल्या, त्या मॅक्सी. १९८४च्या सुमारास डायल पुन्हा चकचकीत झाली आणि खुणांभोवती पांढऱ्या सोन्याची कडी आली. मला स्वतःला मीटर-आधीची मॅट डायल सगळ्यात आवडते. तिच्यावर वाचायला कमीत कमी आहे आणि जे आहे ते पाण्याखाली नेमकं दिसेल असं मांडलेलं आहे.

एवढं झालं की वहीत तुमचा अंदाज लिहा: डायल अमुक ते अमुक वर्षांतली. अजून केसवरचा नंबर बघू नका.

खोली अंधारी करा आणि टॉर्च काही सेकंद डायलवर धरून विझवा. ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षांचं, त्यामुळे जुना लेप आता आपणहून चमकत नाही. टॉर्चने उजळला तरी पटकन मावळतो. लेप बराच वेळ हिरवा चमकत राहिला तर तो ल्युमिनोव्हा आहे, म्हणजे नंतरचा. डायल मावळली आणि काटे चमकत राहिले तर काटे बदललेले. दिवसाच्या उजेडातही काट्यांचा आणि खुणांचा पिवळेपणा जुळवून बघा. थोडा फरक चालतो. खुणा मधासारख्या आणि काटे खडूसारखे पांढरे असतील तर त्यामागे कारण असतं, ते विचारा. रेडियमची शंका असेल तर घरी झाकण उघडू नका, लेप खरवडू तर मुळीच नका. चमकणारं रसायन कधीच जळून गेलेलं असलं तरी रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षांचं आहे, आणि त्याची धूळ श्वासातून आत जाणं धोक्याचं.

आता पट्टा काढा. केसवर चरा पडू नये म्हणून आधी चिकटपट्टी लावा. बाराच्या बाजूला, पट्टा बसतो त्या दोन शिंगांच्या मध्ये मॉडेल नंबर कोरलेला असतो, सहाच्या बाजूला अनुक्रमांक. मॉडेल नंबर वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण ५५१२ या सबमरिनरच्याच दुसऱ्या मॉडेलच्या सुरुवातीच्या काही घड्याळांवरही डायलच्या खालच्या भागात ५५१३सारख्याच दोन ओळी असतात, क्रोनोमीटरचा उल्लेख नसतो. अनुक्रमांकावरून वर्ष सांगणारे तक्ते संग्राहकांनी जुळवलेले आहेत, तेव्हा एखाद-दोन वर्षं इकडे-तिकडे धरून चाला. मग अंदाजाशी ताडून बघा. १९६५च्या केसमध्ये मॅक्सी डायल बसली असेल तर ती तिथली नाही. घड्याळजीकडून मागचं झाकण उघडवून घेता आलं तर उत्तम. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या झाकणांच्या आतल्या बाजूला तिमाही आणि वर्षाचा शिक्का सापडतो.

बदली डायल म्हणजे बनावट डायल नव्हे. कंपनीच्याच सर्व्हिसमध्ये जुनी डायल काढून नवी बसवली जायची, आणि घड्याळ रोज वापरणाऱ्या माणसाला ती हवीही असायची. अशा घड्याळाला बदली डायलच्या हिशेबाने पैसे द्या, ते आनंदाने वापरा. डायल, काटे आणि केस एकाच काळातलं असलेलं साधं मॅक्सी आणि नंतर काटे बदललेलं गिल्ट यांत निवडायचं झालं, तर मी मॅक्सी घेईन. उन्हाने तपकिरी झालेल्या, ‘ट्रॉपिकल’ म्हणून मिरवणाऱ्या डायलसाठी वेगळे पैसे मी देणार नाही. तो रंग मुद्दाम तापवूनही आणता येतो.

शिंगांची जाडी शेवटी बघा. वरून बघताना चारही सारखी जाड असावीत आणि कडेची तिरपी कापणी शाबूत असावी. पॉलिश करून गेलेला धातू परत येत नाही.

घेतल्यावर सर्व्हिसला टाकताना कागदावर लिहून द्या: केस पॉलिश करायची नाही, डायल आणि काट्यांना हात लावायचा नाही, बदललेला प्रत्येक सुटा भाग परत द्यायचा. मुंबईत किंवा कोकणात राहत असाल तर पावसाळ्यात घड्याळ सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवा. दमट हवेत ट्रिटियमचा लेप काळवंडतो आणि भुसभुशीत होऊन गळतो. आणि डायलवर २०० मीटर लिहिलेलं असलं तरी पोहायला जाताना ते घरी ठेवा.