बंदिस्त पंथातून परतलेल्यांचे पुनर्वसन

मनुष्य ज्या समूहात राहतो, त्या समूहाची शिस्त, भाषा व श्रद्धा त्याच्या अंगवळणी पडतात. यात गैर काहीच नाही. परंतु एखादा समूह आपल्या सदस्याचे उत्पन्न, विवाह, झोप आणि आप्तांच्या गाठीभेटी स्वतःच्या हाती घेतो व बाहेर जाण्याची वाटच बंद करतो, तेव्हा त्यातून सुटलेल्या माणसापुढे निराळाच प्रश्न उभा राहतो. १८ नोव्हेंबर १९७८ रोजी गयाना देशातील जोन्सटाऊन येथे जिम जोन्सच्या पंथातील ९०० हून अधिक लोकांचा अंत झाला. त्यांत सुमारे एक-तृतीयांश मुले होती. या घटनेमुळे अशा पंथांची चर्चा जगभर झाली. जे जिवंत बाहेर पडतात त्यांचे पुढे काय होते, याकडे मात्र थोड्यांचेच लक्ष गेले.

येथे ‘पंथ’ हा शब्द मर्यादित अर्थाने घेतला पाहिजे. पंढरपूरला गेलेला वारकरी एकादशीनंतर आपल्या शेताकडे व मुलाबाळांकडे परततो. त्याला कोणी अडवीत नाही. बंदिस्त पंथ ओळखावयाचा तो श्रद्धेवरून नव्हे, तर या अडवणुकीवरून.

सुटकेनंतरचा काळ

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्गारेट सिंगर यांनी अशा पंथांतून बाहेर पडलेल्या तरुणांशी दीर्घकाळ चर्चा केली व १९७९ मध्ये आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. उदासीनता, एकाकीपणा, साधा निर्णयही न घेता येणे, मध्येच भान हरपून जुन्या अवस्थेत जाणे, पंथाची भीती आणि मागे राहिलेल्यांविषयीची अपराधी भावना, ही लक्षणे त्यांना पुनःपुन्हा आढळली. घरची माणसे आपल्यावर सतत पाळत ठेवून आहेत, हेही या तरुणांना जाचत असे. जीवनाची घडी पुन्हा बसण्यास बहुतेकांना ६ ते १८ महिने लागतात, असे त्यांनी नमूद केले.

पंथातील प्रभावाचे स्वरूप नेमके कोणते, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. सिंगर यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या अहवालास अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने १९८७ मध्ये मान्यता नाकारली. तथापि, परतलेल्या व्यक्तीला मदतीची गरज असते, हे या मतभेदामुळे खोटे ठरत नाही.

सक्तीचा मार्ग

१९७० नंतरच्या दशकात काही पालकांनी आपल्या सज्ञान मुलांना बळाने उचलून आणविले व कोंडून ठेवून त्यांचे मतपरिवर्तन घडविण्याचा प्रयत्न केला. या मार्गाचे प्रवर्तक टेड पॅट्रिक यांना १९८० मध्ये अशाच एका प्रकरणात न्यायालयाने अपहरणाबद्दल दोषी ठरविले. कायद्याइतकाच नैतिक दोषही येथे स्पष्ट होता. ज्या माणसाची इच्छा हिरावली गेली, तिला पुन्हा बळानेच वाकविण्यात आले.

ओहायोतील केंद्र

या पार्श्वभूमीवर पॉल मार्टिन या मानसशास्त्रज्ञाचे कार्य लक्षणीय ठरते. ते स्वतः काही वर्षे एका कडक धार्मिक गटात राहिले होते. १९८६ मध्ये त्यांनी पत्नी बार्बरा यांच्यासह ओहायो राज्यातील ऑल्बनी गावाजवळ ‘वेलस्प्रिंग’ हे निवासी केंद्र स्थापन केले. तेथे येणारी व्यक्ती स्वेच्छेने येई. मुक्काम सामान्यतः दोन आठवड्यांचा असे. ग्रामीण, शांत परिसरात वैयक्तिक समुपदेशन व विश्रांती यांच्या जोडीला अभ्यासही असे. या अभ्यासाचा आधार होता मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट लिफ्टन यांचा १९६१ मधील ग्रंथ. चीनमधील विचारपरिवर्तनाच्या मोहिमेतून बाहेर आलेल्या ४० व्यक्तींच्या मुलाखतींवरून लिफ्टन यांनी अशा नियंत्रणाची आठ लक्षणे सांगितली होती. बाह्य जगाशी संपर्कावर बंधन, कबुलीजबाबाची सक्ती, ठरीव शब्दांची भाषा ही त्यांपैकी काही. आपल्यावर काय घडले हे एकदा समजले की ‘मी मूर्ख होतो’ ही बोच कमी होते, हे या पद्धतीचे सूत्र होते. मार्टिन यांचे २००९ मध्ये निधन झाले.

आपल्यासाठी बोध

दोन आठवडे आणि अठरा महिने यांतील अंतर कोणतेही केंद्र भरून काढू शकत नाही; ते घराने आणि गावानेच भरावयाचे असते. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमाने अघोरी प्रथा हा गुन्हा ठरविला असून त्यासाठी पोलीस दलात दक्षता अधिकाऱ्यांची तरतूद केली आहे. परंतु गुन्हेगारास शिक्षा झाली, म्हणून भोंदूच्या मठात वर्षे घालवून परतलेली स्त्री वा तरुण आपोआप सावरत नाही. शिधापत्रिका, ओळखीची कागदपत्रे, अर्धवट राहिलेले शिक्षण, हाताला काम, अशा साध्या गोष्टींपासून तिला आरंभ करावा लागतो. येथे ग्रामसेवक, शिक्षक व पंचायत सदस्य यांचे साहाय्य मोलाचे आहे. मुलांना शाळेत सामावून घ्यावे. आजार दिसल्यास शासकीय रुग्णालयातील मानसोपचाराचा मार्ग दाखवावा. आणि चावडीवर तिच्या भूतकाळाची उजळणी होऊ देऊ नये. परतलेल्या माणसास प्रश्नांपूर्वी आसरा मिळाला, तर पुन्हा त्याच दारी जाण्याची पाळी त्याच्यावर सहसा येणार नाही.