जुनें काँक्रीट काढून नवें घालणें
2003 च्या सिंहस्थापूर्वीं नाशकास गोदावरीच्या पात्रांत काँक्रीट घातलें. त्याखालीं जुनीं कुंडें व झरे दडपले, आणि पुढें तेंच फोडण्याचा खर्च आला. यास्तव विहिरीच्या तळाशीं, झऱ्यांवर, काँक्रीट घालूं नये असें आमचें स्पष्ट मत आहे.

हौदाचें फुटकें काँक्रीट मात्र अवश्य काढावें. हातोडीनें ठोकून पाहावें. पोकळ आवाज येईल तेवढें सर्व छिन्नीनें फोडावें. वरवर गिलावा देणें म्हणजे पैसा पाण्यांत. सळईचा गंज घासावा, जागा धुऊन ओली करावी, पण पाणी सांचूं देऊं नये. सिमेंटचा घोळ लावून तो सुकण्यापूर्वींच नवें काँक्रीट घालावें. जागा अडचणीची असल्यास तें पंपाच्या नळानें आणतां येतें. परंतु नळ तुंबतो म्हणून कोणी त्यांत वरून पाणी ओतूं लागल्यास त्यास थांबवावें, कारण जादा पाण्यानें मजबुती घटते. नंतर निदान सात दिवस वर ओलें गोणपाट ठेवावें.